जुनं इंजिन नव्या चासीत टाकू द्या, पण आरसीवर लिहून

सरळ मुद्द्यावर येतो. यामाहाच्याच अलीकडच्या एफझीच्या चासीत यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स हंड्रेडचं इंजिन टाकलेली गाडी आज महाराष्ट्रात, किंवा भारतात कुठंही, रस्त्यावर काढणं बेकायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं मुळात जे तपशील दिलेत त्यापेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे पडतील असा कुठलाही बदल मालकानं करायचा नाही. केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच अजून ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे कायदा काय म्हणतो याबद्दल कुणाच्या मनात शंका नसावी, ग्यारेजवाल्याच्या तर नसतेच.

तरीपण गाड्या बनतायत. कोल्हापूर, पुणे, सांगली, नाशिक, कुठंही जा, चौकात उभं राहिलं की पाच मिनिटात एखादी गाडी अशी जाते जिचा टँक एका जमान्यातला आणि आवाज दुसऱ्याच. बंदी आहे आणि धंदाही जोरात आहे, असं जेव्हा दिसतं तेव्हा एकतर अंमलबजावणी ढिली असते किंवा नियमच चुकीच्या जागी बसवलेला असतो. माझ्या मते इथं दुसरं जास्त खरं आहे. जुनं इंजिन नव्या चासीत टाकायला परवानगी असली पाहिजे, तपासणी करून, आरसीवर नोंद करून, आणि काही अटी एकदम कडक ठेवून. त्या अटी ऐकल्यावर आरएक्सवाली मंडळी माझ्यावर खूष होणार नाहीत हे आधीच सांगतो.

पण त्याआधी एक गैरसमज काढू. इंजिन बदलणारा म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो फाटका सायलेन्सर लावून रात्री अकराला कॉलनीतून गाडी पळवणारा पोरगा. तो आहेच, नाही म्हणत नाही. पण तालुक्याच्या गावात एखाद्या ग्यारेजसमोर अर्धा दिवस बसून बघा, तिथं इंजिन बदलायला येणारा माणूस वेगळा असतो. त्याची दहा-बारा वर्षं जुनी पॅशन असते, इंजिन सीझ झालेलं असतं, बोअर-पिस्टन, क्रँक, हेडचं काम असं सगळं धरून मेकॅनिक जो आकडा सांगतो तो ऐकून तो म्हणतो की एवढ्यात गाडीच येईल दुसरी. मग मेकॅनिकच सुचवतो, भाऊ, भंगारात स्प्लेंडरचं जुनं इंजिन आहे, चांगलं आहे, टाकू का. आणि ते बसतंही, कारण हिरो होंडानं १९८५ ला सीडी हंड्रेड आणली तेव्हापासून ९७.२ सीसीचं ते आडवं इंजिन थोड्याफार फरकानं स्प्लेंडर, पॅशन अशा कितीतरी गाड्यांत वापरलं. दुपारी टाकलं की संध्याकाळी दुधाची किटली लावून गाडी डेअरीवर. या माणसाला कलम ५२ माहीत नाही, फायरिंगचं, म्हणजे सायलेन्सरच्या आवाजाचं, वेड नाही, त्याला फक्त उद्या सकाळी गाडी चालू पाहिजे. कायद्याच्या नजरेत मात्र तो आणि सायलेन्सरवाला पोरगा दोघंही एकाच रांगेत, कारण दोघांच्याही इंजिनावरचा नंबर आरसीशी जुळत नाही. त्याच कंपनीचं त्याच प्रकारचं इंजिन बिलासकट आणून आरटीओत अर्ज करून नंबर चढवून घ्यायची सोय कागदावर आहे हे खरं, पण भंगारातल्या इंजिनाचं बिल कोण देतो, आणि दिलं तरी ते मॉडेल वेगळं निघालं की फाईल परत.

आता तांत्रिक बाजू, कारण खरा वाद तिथं आहे आणि तिथंच सगळे घाईघाईनं पुढं जातात.

इंजिन बदलणं धोक्याचं आहे असं म्हणताना डोक्यात असतं ते उलटं चित्र, म्हणजे जुन्या हलक्या चासीत नवीन ताकदीचं इंजिन. ते खरंच धोक्याचं आहे. शंभर किलोच्या आसपासची गाडी, पुढंमागं ड्रम ब्रेक, सायकलपेक्षा थोडेच जाड टायर, आणि त्यात वीस-पंचवीस बीएचपी ताकद घातली तर तो माणूस मरायचंच बघतोय. पण आपण बोलतोय ते नेमकं उलट्या दिशेचं. आरएक्स हंड्रेड ९८ सीसी, ताकद ११ बीएचपी. २००८ ला आलेली पहिली एफझी १५३ सीसी, ताकद १४ पीएस (बीएचपीसारखंच माप), पुढं डिस्क, मागं १४० मिलिमीटर रुंद टायर. म्हणजे त्या चासीचे ब्रेक, फोर्क, स्विंगआर्म सगळं जास्त ताकदीसाठी आणि जास्त वजनासाठी बनवलेलं आहे, त्यात कमी ताकदीचं इंजिन बसलं तर थांबायच्या बाबतीत ती गाडी मूळ आरएक्सपेक्षा चांगली आणि मूळ एफझीपेक्षा वाईट तर नक्कीच नाही. बुलेटचंही तसंच, जुनं कास्ट आयर्नचं साडेतीनशे १८ बीएचपीचं, त्यानंतर आलेलं नव्या पिढीचं यूसीई इंजिन २० च्या जवळ. जुनं इंजिन नव्या चासीत ही दिशा बहुतेक वेळा खाली जाणारी आहे, आणि कायद्याला दिशाच दिसत नाही.

बहुतेक वेळा म्हणालो, नेहमी नाही. राजदूतची आरडी साडेतीनशे १९८३ ची, म्हणजे जुनीच, पण हाय टॉर्क मॉडेलला ३०.५ बीएचपी. ते इंजिन दीडशे सीसीच्या चासीत टाकलं तर जुनं-नवं हा हिशोबच निकामी. म्हणून वयावर नियम करून उपयोग नाही, ताकदीवर केला पाहिजे. चासीला कंपनीनं जेवढ्या ताकदीचं इंजिन दिलं होतं त्यापेक्षा जास्त नाही, वजनही फार वेगळं नाही, विषय संपला. पोर्टिंग करून, म्हणजे सिलिंडरची भोकं मोठी करून, किंवा हेड घासून ताकद वाढवलेली असेल तर ती डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, कळते, तोंडी कोण काय सांगतो त्यावर जायचं नाही.

आणि ब्रेकचा मुद्दा जिंकला म्हणून सगळं जिंकलं असं नाही. एफझीची फ्रेम डायमंड प्रकारची आहे, म्हणजे इंजिनाखालून जाणारा पाईपच नाही, इंजिन स्वतःच फ्रेमचा एक भाग बनून वरचा आणि मागचा हिस्सा बांधून ठेवतं. आरएक्सचं इंजिन बनलं पाळण्यासारख्या फ्रेममध्ये बसायला, त्याच्या खाली पाईप असतात आणि भार ते घेतात. आता हे इंजिन डायमंड फ्रेममध्ये टाकायचं तर मेकॅनिकला एकतर खालून नवीन पाळणा वेल्ड करायला लागतो किंवा जाड पट्ट्या कापून माउंटिंग बनवायला लागतं, आणि हे काम कोण करतो यावर सगळं आहे. काही लोक जिग लावून, चेनची लाईन दोऱ्यानं बघून, बुश टाकून असं काम करतात की कंपनीवाल्यानं बघत राहावं. काही जण गेटची ग्रील बनवणाऱ्याकडून पट्ट्या ठोकून घेतात. टू-स्ट्रोकचं व्हायब्रेशन वेगळं, वेल्डला केसासारखी चीर पडते, ती रंगाखाली दिसत नाही, आणि चेन एक-दोन मिलिमीटर तिरकी असली तर स्प्रॉकेट खात जाते आणि एक दिवस घाटात चेन उडते. अशा फ्रेममध्ये एक्स्पान्शन पाईप, म्हणजे टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर, कुठून न्यायचा, किक मारताना फूटरेस्टला अडते का, स्पीडोमीटरचा सेन्सर कुठं गेला, मॅग्नेटो, म्हणजे इंजिनावरचा वीज बनवणारा भाग, एवढ्याशा करंटवर एलईडी आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ओढेल का, असे शंभर प्रश्न असतात, आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे तर इंजिन बदलताना वायरिंग कापून एबीएस मेलं असेल तर ती गाडी तपासणीत नापासच झाली पाहिजे. तर धोका कुठं आहे? जुन्या इंजिनात नाही, वेल्डिंगमध्ये आहे. आणि वेल्डिंग बघायला आज कुणी अधिकृत माणूसच नाही, कारण गाडीच बेकायदा असल्यामुळं ती बघायला कुणी आणणारच नाही! बंदीचा खरा तोटा हा आहे. चांगलं काम आणि ग्रीलवाल्याचं काम, दोन्ही एकाच अंधारात.

आता धूर. इथं मी आरएक्सवाल्यांच्या विरोधात आहे.

टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडर भरताना एक्झॉस्ट पोर्ट उघडाच असतो, त्यामुळं पेट्रोलचा बराच हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातो, शिवाय ऑइल जळतं ते वेगळं. तो वास कुणाला आवडत असेल, मलाही आवडतो, पण सिग्नलला मागं लहान पोर घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्याचं काही देणंघेणं नाही. पीयूसीचे आकडेच बघा, मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम, त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ६,०००, फोर-स्ट्रोकला ४,५००. मग १९९२ चं इंजिन २०१० च्या चासीत टाकलं तर कुठली मर्यादा लावायची? हौशी लोक म्हणतात इंजिनाच्या सालाची, कारण धूर इंजिन सोडतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग बीएस-सहाची, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांतली, कालची गाडी घ्यायची, त्यातलं फ्युएल इंजेक्शन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून विकायचं, त्यात तीस वर्षांपूर्वीचं इंजिन टाकायचं आणि तीस वर्षांपूर्वीच्या मर्यादेत पास व्हायचं, ही पळवाट नाही तर काय. रस्त्यावर अजून वीस वर्षं चालणार ती चासी, रजिस्ट्रेशन तिचं, आयुष्य तिचं. म्हणून मर्यादाही चासीच्या सालाची. एप्रिल २०१७ नंतरची चासी असेल तर बीएस-चार, एप्रिल २०२० नंतरची असेल तर बीएस-सहा, जमत असेल तर टाका. टू-स्ट्रोकला ते जमणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी वेगळं दार सांगतो, थांबा जरा.

त्याआधी ठाण्याचं उदाहरण. ठाण्यातल्या गोगोएवन नावाच्या कंपनीनं स्प्लेंडरला बसणारं इलेक्ट्रिक किट काढलं, त्याला मंजुरी मिळाली, आणि आपली जुनी स्प्लेंडर नेऊन तिचं इंजिन काढून मोटर-बॅटरी बसवून आरसीवर इंधनाच्या रकान्यात बदल करून घेता येतो. कलम ५२ मध्येच त्यासाठी जागा ठेवलीय, सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौरऊर्जा अशा वेगळ्या इंधनावर गाडी चालवायची असेल तर इंजिनात बदल चालतो, मंजूर किट पाहिजे, बसवणारा अधिकृत पाहिजे. मला हे किट वगैरे चांगलंच वाटतं, तक्रार नाही. पण विचार करा, ज्या चासीत इंजिनाच्या जागी बॅटरीचा बोजा बसवायला परवानगी देता येते, वजनाचा समतोल बदलतो तरी चालतो, कारण कुणीतरी आधी तपासून शिक्का मारलाय, त्याच चासीत त्याच कंपनीचं दहा वर्षं जुनं इंजिन बसवायचं म्हटलं की एकदम सुरक्षेचा प्रश्न येतो. म्हणजे सरकारला इंजिन बदलण्याचं वावडं नाही, तपासलेलं आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. मग तपासा ना. देशातली गाड्या तपासणारी मोठी संस्था, एआरएआय, १९६६ पासून पुण्यात आहे, कोथरूडच्या टेकडीवर. अडचण एवढीच की तिथली सगळी पद्धत एक मॉडेल पास करून हजारो नग विकणाऱ्या कंपनीसाठी आहे. एकाच गाडीसाठी, वाजवी फीत, तपासून घ्यायचा रस्ता साध्या माणसाला नाही.

जर्मनीत आहे. तिथं टीयूव्हीसारख्या संस्थेचा इंजिनियर एकेक गाडी बघतो, बदल कागदावर चढवतो, आणि पोलिसानं अडवलं तर तो कागद दाखवायचा. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं पॉइंटची पद्धत चालली, मूळ फ्रेम ठेवली तर पाच पॉइंट, इंजिनाला फक्त एक, आठ पॉइंट झाले की जुना नंबर टिकायचा. मला त्यातली ती पाच आणि एकाची तुलना फार आवडते, गाडीची ओळख फ्रेममध्ये आहे असं त्यात सरळ कबूल केलंय. आणि या प्रकाराला लोक तिथं नाकं मुरडत नाहीत, उलट. स्विस माणूस फ्रिट्झ एग्ली, त्यानं १९६७ मध्ये व्हिन्सेंटचं व्ही-ट्विन इंजिन, म्हणजे जी कंपनी १९५५ लाच गाड्या बनवायची थांबली होती तिचं, स्वतः डिझाइन केलेल्या नव्या फ्रेममध्ये बसवलं, कारण इंजिनात दम होता आणि जुनी चासी मागं पडली होती. आज एग्ली-व्हिन्सेंट म्हटलं की जाणकार उठून उभे राहतात. जुनं इंजिन नव्या फ्रेममध्ये, अक्षरशः हेच काम. आपल्याकडचा कोल्हापूरचा किंवा शिवाजीनगरचा मेकॅनिक तेच करतो तेव्हा त्याला जुगाड म्हणतात आणि गाडी पोलीस चौकीच्या मागं गंजत पडते.

बरं, आपल्या देशात या बेकायदेशीरपणाचा फायदा कुणाला होतो तेही बघा. आरएक्स चोरीला जाते ही काही नवीन बातमी नाही, आणि चोरलेल्या गाडीची चासी पकडून देते पण इंजिन विकलं जातं, कारण इंजिन विकत घेणारा प्रत्येक जण आधीच बेकायदा काम करत असल्यामुळं नंबर कुठला, कागद कुठं असं विचारतच नाही. नंबर घासून नवीन पंच मारणारे लोक आहेत, ‘आरसीवर बघून देतो’ म्हणणारे एजंट आहेत. उद्या नियम झाला की इंजिनासोबत मूळ गाडीची आरसी किंवा स्क्रॅप केल्याचा दाखला पाहिजे, वाहन पोर्टलवर तो इंजिन नंबर जुन्या गाडीवरून उतरून नव्यावर चढला पाहिजे, तर चोरीच्या इंजिनाचा भाव एका महिन्यात पडेल. स्वच्छ कागदाच्या इंजिनाला दोन पैसे जास्त मिळतील, मिळू देत.

इन्शुरन्सचं तर कुणी बोलतच नाही. इंजिन बदललेल्या गाडीनं कुणाला उडवलं तर थर्ड पार्टीचे पैसे कोर्ट बहुधा त्या माणसाला मिळवून देतं, पण मग कंपनी मालकाच्या मागं लागू शकते की गाडी आम्हाला दाखवली एक आणि चालवत होता दुसरी. त्या दूधवाल्या पॅशनवाल्याचं काय होईल विचार करा, ज्यानं आयुष्यात गाडी चाळीसच्या वर नेली नाही. इंजिनाची नोंद असती तर प्रीमियम शंभर-दोनशे रुपयांनी वाढला असता फारतर.

आता ते वेगळं दार. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पन्नास वर्षांवरची गाडी, व्हीए मालिकेचा नंबर, नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, आणि रोजच्या वापराला बंदी, फक्त रॅली, प्रदर्शन, इंधन भरायला, दुरुस्तीला. त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी किंवा इंजिनात मोठा बदल नको. ठीक आहे, व्हिंटेज म्हणजे मूळ, मान्य. पण त्याच धर्तीवर हौशी बांधलेल्या गाड्यांसाठी एक मालिका काढायला काय हरकत आहे, फी घ्या, रोज ऑफिसला न्यायची नाही, वर्षातून ठराविक किलोमीटर, शहराच्या दाट भागात नाही, आवाज मोजून. टू-स्ट्रोकवाल्यांनी तिथं जावं. रोजच्या रस्त्यावर धूर नको आणि रविवारी सकाळी पन्हाळ्याला जायचा आनंदही जायला नको, दोन्ही साधता येतं. मात्र सायलेन्सर फाडून जाणार असाल तर पोलिसांनी त्यावर रोड रोलर फिरवला तरी मी टाळ्या वाजवीन.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आरटीओत आत्ताच एजंटशिवाय पान हलत नाही, तिथं अजून एक परवानगी म्हणजे अजून एक पाकीट. खरंय. म्हणून वेल्डिंग बघायचं काम आरटीओच्या टेबलावर नकोच, ते टेस्टिंग स्टेशनवर, मशीनवर, फोटोसकट, रिपोर्ट थेट पोर्टलवर. ब्रेक टेस्टर, हेडलाईट, धूर, आवाज, चेनची लाईन, माउंटिंगवर चीर दाखवणारा रंग टाकून चीर बघायची, हे सगळं एका तासाचं काम आहे. आरटीओनं फक्त रिपोर्ट बघून आरसी बदलायची. यातही खाणारे खातील, पण आज सगळं काम पाकिटावरच चाललंय, चौकातल्या पाकिटावर.

दुसरा आक्षेप कंपन्यांकडून येईल, की आमची चासी आम्ही आमच्या इंजिनासाठी बनवली, उद्या तुटली तर नाव आमचं खराब. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण अपघाताच्या फोटोत टँकवर नाव कंपनीचंच असतं. उपाय सोपा आहे, आरसीवर ठळक लिहा, इंजिन बदललेलं, कंपनीची जबाबदारी संपली, बांधणाऱ्या ग्यारेजचं नाव आणि नोंदणी क्रमांक अमुक. यानं अजून एक होईल, बांधणाऱ्याला नाव मिळेल. जो मेकॅनिक आज बोर्डावर ‘सर्व प्रकारची कामे’ एवढंच लिहितो त्याला आरसीवर सही करायची जबाबदारी आली की ग्रीलवाल्याकडून पट्ट्या ठोकून घेणं त्याला परवडणार नाही.

आणि २०१९ च्या दुरुस्तीतच केंद्राला गाडीतल्या बदलांसाठी अटी आणि मंजुरीची पद्धत ठरवायचा अधिकार दिलेला आहे, त्यासाठी नवीन कायदा संसदेत न्यायची गरज नाही, नियम काढून भागतं. सुरुवात हिरोच्या त्या शंभर सीसीवाल्यांपासून करा. त्यात ना ताकदीचा प्रश्न, ना वेल्डिंगचा, इंजिन तेच, बोल्ट जवळपास तेच, फक्त नंबर वेगळा. बीएस-सहाच्या चासीत कार्ब्युरेटरवालं इंजिन टाकू नका एवढी अट घाला, बाकीच्यांना पीयूसी आणि एक साधी तपासणी. गावोगावी अशा किती गाड्या आहेत हे पहिल्या वर्षभराच्या अर्जांवरूनच कळेल, मग एफझी-आरएक्सचं काय करायचं ते सावकाश ठरवता येईल.